एकोणतिसाचा पाढा

बाईंच्या मोटारीत बसायचं तर आधी गप्प बसावं लागे. दारं लावून झाली, पदर सावरला, की बाई ब्रेकवर पाय ठेवत, पेडल दाबत आणि तसंच दाबून धरून एकोणतिसाचा पाढा म्हणायला लागत. मोठ्यानं नाही, पण शेजारच्याला स्पष्ट ऐकू जाईल असा. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. पाढा दाहेपर्यंत पुरा व्हायचा, आणि तोवर पाय होता तिथंच राहिला असेल तरच मोटार सुरू व्हायची. मधे कुणी बोललं तर पाढा पुन्हा पहिल्यापासून. एकदा देपालपूरच्या शाळेत समारंभाला जायचं होतं आणि मागं बसलेल्या शिवणाच्या शिक्षिका सारख्या "बाई, उशीर होतोय" म्हणत होत्या. त्या बोलल्या की बाई थांबत आणि पुन्हा 'एके'वर येत. शेवटी मीच मागं वळून त्यांच्यापुढं हात जोडले.

"एकोणतिसाचाच का?" असं मी एकदा विचारलं होतं.

"तिसाचा फार सोपा. म्हणता म्हणता डोकं झोपून जातं," बाई म्हणाल्या. "एकोणतिसाला जागं राहावं लागतं."

मी धारहून इंदूरला आले ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायला. बाई तिथल्या मुख्याध्यापिका. संस्थानं जाऊन मध्यभारत प्रांत झाला होता. उन्हाळ्यात राजधानी इंदूरला यायची, पलासियाकडच्या बंगल्यांचे पडदे बदलायचे, सरकारी मोटारी फिरू लागायच्या. थंडी पडली की सगळं लटांबर ग्वाल्हेरला परत. बाईंचे वडील संस्थानच्या नोकरीत होते. आधी पागेवर आणि घोडे कमी होऊन मोटारी आल्या तेव्हा मोटारखान्यावर. त्यांना ही एकच मुलगी. तिला त्यांनी पाचवारी नेसायच्या वयात घोड्यावर बसवलं आणि पुढं मोटारही शिकवली. लग्न का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. बडा गणपतीजवळच्या त्यांच्या घरात मागची खोली मला राहायला मिळाली, त्यामुळं शाळेत त्या माझ्या मुख्याध्यापिका आणि घरी घरमालकीण. दोन्हीकडं बोलणी खावी लागत.

बोलणी बहुतेक एकाच शब्दावरून. 'ठीक आहे' हा शब्द बाईंना खपत नसे.

"दूध ठीक आहे ना ग?"

"ठीक आहे."

"कसं कळलं?"

मग झाकण काढून वास घ्यायचा, चमचाभर तापवून बघायचं, आणि मगच 'नासलेलं नाही' असं सांगायचं. 'ठीक आहे' म्हणायचं नाही. शाळेत एखादी मुलगी "बाई, गणित ठीक आलं" म्हणाली की हाच प्रश्न. तपासनीस आले आणि निघताना "शाळा ठीक चल रही है" म्हणाले, तर बाईंनी त्यांनाही हसतमुखानं विचारलं, "आपको कैसे मालूम पड़ा?" त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवून दोन वर्गांच्या वह्या दाखवल्या. बिचारे नंतर आमच्या शाळेत यायला कचरत.

रंगानं काळ्यासावळ्या, उंच, आवाज खणखणीत. पातळ चापूनचोपून नेसलेलं आणि पायात पांढरे कापडी बूट, कारण चपलेतून पेडल नीट कळत नाही. रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या गाड्यावरून पोहे यायचे. ते आम्ही अंगणात मोटारीशेजारी बसायला वेताचे मोडे टाकून खायचो. मोटार विलायती, काळी, माझ्या वर्गातल्या मुलींपेक्षा वयानं मोठी. बाईंच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली. तिचं छत ठिगळांचं होतं आणि एक दिवा कायमचा तिरळा. गल्लीतली माणसं म्हणायची, "बाईजी, अब तो इसको निकाल दो." बाई म्हणायच्या, "का भिया? चालते, थांबते. अजून काय पाहिजे मोटारीला?"

त्यातलं 'थांबते' हे बाईंच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं. "चालवणं काय, कुणीही चालवेल," असं त्या म्हणत.

पण पाढ्याची सवय काही जन्मापासूनची नव्हती. ती कशी लागली ते मी डोळ्यांनी पाहिलं. एका पावसाळ्यानंतर मोटारीचं ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. पाय ठेवला की उशीवर ठेवल्यासारखं. सियागंजच्या बाजूला एक उस्ताद मोटारी दुरुस्त करत. आपल्या कामाची तारीफ स्वतःच करणारे, सुरमा घातलेले, मोठे दिमाखदार गृहस्थ. त्यांनी चारी चाकांकडून ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांतली हवा काढली आणि "अब मक्खन है" म्हणून मोटार परत दिली. दोन दिवसांत पेडल पुन्हा मऊ.

मग बाईंनी स्वतः तपास सुरू केला. जुन्या पांढऱ्या पातळाचे तुकडे करून प्रत्येक चाकाखाली अंथरले. दुसऱ्या दिवशी तुकडे कोरडे. म्हणजे चाकांकडं तेल गळत नाही. तेलाच्या डबीत काडी घालून पातळी बघितली. तीही होती तेवढीच.

"म्हणजे तेल घराबाहेर गेलेलं नाही," बाई मला म्हणाल्या, "आणि पेडल तर खाली जातंय. मग ते आतल्या आत निसटतंय. मास्टर सिलिंडरचे वॉशर गेले."

ब्रेक दाबला की ज्या नळकांड्यातून तेल चाकांकडं ढकललं जातं ते मास्टर सिलिंडर. त्यातला रबरी वॉशर झिजला तर तेल पुढं जायच्या ऐवजी वॉशरच्या कडेनं मागं निसटतं. थेंबभरही बाहेर दिसत नाही. हे सगळं बाईंनी मला पोह्याच्या बशीत बोट फिरवून समजावलं. उस्तादांना मात्र पटेना.

"तेल कहीं गया नहीं, तो पैडल कहाँ जाएगा, बाईजी?"

"उस्ताद, माडीवरून खाली येण्यासाठी घराबाहेर कुठं जावं लागतं?"

उस्ताद हसले. "खोलने को खोल दूँगा. पर मेरा दिल नहीं मानता."

"दिल को रहने दो, वॉशर देखो."

सिलिंडर उघडला. वॉशर धडधाकट निघाले. तरी बाईंनी नवे घालायला लावले. सगळं जोडून झालं, पुन्हा हवा काढली आणि पेडल होतं तसंच मऊ.

बाईंनी मोटारीभोवती एक फेरी मारली. मग मला म्हणाल्या, "तू आत बस आणि मी सांगेन तेव्हा दाब." स्वतः सरळ जमिनीवर बसल्या आणि चाकाजवळची रबरी नळी मुठीत धरली. एका चाकाची झाली, दुसऱ्याची झाली. तिसऱ्यापाशी त्या म्हणाल्या, "पुन्हा." मी दाबलं. "पुन्हा." मग त्यांनी उस्तादांना बोलावलं आणि त्यांचा हात नळीवर ठेवला. जुनी नळी दर दाबाला त्यांच्या मुठीत फुगत होती. सगळा जोर तिलाच फुगवण्यात जात होता, चाकापर्यंत पोचतच नव्हता.

बाई उठल्या. कारखान्यातल्या सगळ्या माणसांसमोर म्हणाल्या, "उस्ताद, ग़लती मेरी थी. तुमचं दिल बरोबर सांगत होतं. तुम्हाला फुकट खटाटोप करायला लावला." उस्ताद इतके अवघडले, की त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

एवढ्यावर थांबतील तर त्या बाई कसल्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी साऱ्या शाळेला ही हकीकत सांगितली. "मऊ असणं वेगळं आणि बसत जाणं वेगळं," त्या मुलींना म्हणाल्या. "माझं पेडल मऊ होतं. मी ते बसतंय असं धरून चालले, कारण उत्तर मला आधीच आवडलं होतं. पाय थोडा वेळ दाबून ठेवला असता तर तो खाली जात नाही हे कळलं असतं. मला तेवढा धीर नव्हता."

मुली खुदखुदल्या. शिक्षिकांच्या खोलीत त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. घरी आल्यावर मी म्हटलं, "बाई, शाळेत सांगायची काय गरज होती?"

"मी रोज त्यांच्या चुका लाल शाईनं दाखवते," बाई म्हणाल्या. "एक माझी त्यांनी बघितली, तर काय बिघडलं?"

त्या दिवसापासून पाढा सुरू झाला. मलाही त्यांनी शिकवलं. डोळे मिटून पेडल दाबायला लावत आणि विचारत, "काय सांगतं?" पहिल्या दाबाला खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर, घट्ट लागतं, तर ब्रेकचे पट्टे चाकातल्या ड्रमपासून लांब राहिलेत, ते जवळ आणायचे. स्पंजासारखं दबतं आणि पुन्हा पुन्हा दाबलं की हळूहळू कडक होतं, तर नळ्यांत हवा. आणि आधी कडक लागतं, पण पाय तसाच ठेवला की हळूहळू, अगदी सभ्यपणानं खाली जातं, ते सगळ्यांत वाईट. "कारण ते पहिल्यांदा खोटं बोलतं," बाई म्हणायच्या.

आता हा पाढा ज्या दिवशी कामी आला त्या दिवसाबद्दल सांगते.

आमची शाळा एका मंडळाच्या ताब्यात होती. त्याचे सेक्रेटरी मोठे वजनदार गृहस्थ होते. वाईट म्हणता येणार नाही. शाळेसाठी त्यांनी खूप खस्ता खाल्ल्या होत्या. फक्त आपला शब्द खाली पडलेला त्यांना सोसत नसे. एका सकाळी मंडळाची छोटी बैठक होती आणि ती आटोपून ते तसेच पुढं महेश्वरला निघणार होते. सुनेचं पहिलं बाळंतपण, तिला माहेरी पोचवायचं होतं. सासूबाई आणि सून आम्हा शिक्षिकांच्या खोलीत चहा घेत बसल्या होत्या. मोटार शाळेच्या दारातच आडवी उभी होती, ड्रायव्हर समोर पोहे खायला गेला होता, आणि मुलींचे टांगे बाहेर खोळंबले होते. बाईंनी वाट बघितली नाही. मोटारीत बसल्या आणि ती बाजूला घेतली. फाटकाजवळच्या उतारावर त्यांनी ती थांबवली, आणि थांबवून धरली.

मी पायरीवर उभी होते. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. मधेच ते हलायचे थांबले. त्यांनी हातब्रेक ओढला, किल्ली काढली आणि खाली उतरल्या.

ड्रायव्हर हात पुसत धावत आला. "क्या हुआ बाईजी?"

"पेडल बसतंय."

"नहीं बाईजी, एकदम टाइट है." तो आत बसला आणि पटापट पाय मारून दाखवला. "देखिए, पत्थर."

"अब दाबून ठेव."

त्यानं ठेवला. हळूहळू त्याचा गुडघा पुढं सरकत गेला. तो बाईंकडं न बघता म्हणाला, "इतनी देर कौन दबाता है? ब्रेक मारा, गाड़ी रुकी, छोड़ दिया."

"शहरात. आणि महेश्वरच्या वाटेवर, मानपूरच्या घाटात?"

त्यानं पाय काढून घेतला. तेवढ्यात सेक्रेटरीसाहेब बाहेर आले. काय झालं ते ऐकून घेतलं, आणि आवाज न चढवता म्हणाले, "बाई, किल्ली द्या. आम्हाला ऊन व्हायच्या आत घाट उतरायचाय."

"आज ह्या मोटारीनं उतरू नका. उस्तादांना बोलावते. दुपारपर्यंत होऊन जाईल."

"परवाच गाडी दाखवून आणलीय. ठीक आहे म्हणाले."

एरवी बाईंनी काय विचारलं असतं ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी ते विचारलं नाही. नुसती नकारार्थी मान हलवली.

साहेबांचा चेहरा बदलला. व्हरांड्यात शिक्षिका उभ्या होत्या, खिडक्यांत मुली होत्या. "मागं तुमच्या स्वतःच्या मोटारीबद्दलही तुम्ही असंच छातीठोक सांगितलं होतं," ते म्हणाले. "आणि साफ चुकला होता. तुम्हीच सगळ्या शाळेला सांगितलंत."

बाई म्हणाल्या, "हो, चुकले होते. आजही चुकत असेन. तसं निघालं तर इथंच, ह्या सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन. माझी चूक निघाली तर माफी मागून भागेल, साहेब. तुमची निघाली तर कुणाची मागणार?"

"तुम्ही कुणाशी बोलताय याचं भान आहे ना? नोकरी मंडळ देतं."

"आहे. नोकरी तुमच्या हातात आहे. किल्ली माझ्या हातात आहे."

आणि त्यांनी किल्ली कमरेला खोचली. पुढं काय होणार ते कुणालाच कळेना. मंडळाचे दोघे सभासद पुढं येऊन बाईंना समजावू लागले, "कसं है बाई, एवढं ताणू नका, साहेब मोठे आहेत." बाई ऐकत होत्या आणि जागच्या हलत नव्हत्या. त्यांचे ओठ मात्र हलत होते. एकोणतिसाचा पाढा होता, आणि तो सारखा चुकून पुन्हा 'एके'वर येत होता. मी इतक्या जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. त्या कुणाला घाबरत नाहीत अशी माझी समजूत होती. त्या घाबरल्या होत्या आणि तरी उभ्या होत्या.

तेवढ्यात सून बाहेर आली. विशीतली, डोक्यावर पदर, चालताना एक हात कमरेवर. सासऱ्यांसमोर ती कधी बोलत नसावी, कारण ती बोलली तेव्हा सासूबाईंनीसुद्धा चमकून तिच्याकडं पाहिलं.

"मामंजी, मी थांबते. उस्ताद येऊ देत."

एवढंच. साहेब तिच्याकडं बघत राहिले. मग आत गेले आणि ऑफिसचं दार लावून घेतलं.

उस्ताद टांग्यानं आले. पायाखालची फळी काढून सिलिंडर उघडेपर्यंत ऊन अंगणात आलं होतं. बाई लांब उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी उस्तादांना एक अक्षरही सुचवलं नाही. उस्तादांनी वॉशर बाहेर काढला, फडक्यानं पुसला, उजेडात धरला. त्याची कडा उंदरानं कुरतडावी तशी झाली होती. एक कपचा तर हात लावताच सुटून आला. उस्तादांनी तो तळहातावर घेऊन साहेबांच्या दारापर्यंत नेला. एरवी एवढे बोलणारे उस्ताद, पण त्या दिवशी हलक्या आवाजात म्हणाले, "साहब, यह घाट में धोखा देता. बहू-बेटी बैठी थी."

साहेबांनी तो कपचा बघितला. "बदल दो," म्हणाले.

मला वाटलं, आता बाई काहीतरी बोलतील. निदान एकदा सगळ्यांकडं बघतील तरी. त्या शिक्षिकांच्या खोलीत गेल्या आणि सुनेला विचारलं, "सकाळपासून पोटात काही गेलंय का तुझ्या?" तिला समोर बसवून भाकरी आणि लोणी खायला घातलं. तिसऱ्या प्रहरी ती मंडळी निघाली. निघताना सून वाकून बाईंच्या पाया पडली. साहेब पुढच्या सीटवर बसून समोर बघत होते.

असल्या गोष्टी लोक विसरत नाहीत, आणि विसरत नाहीत म्हणूनच ज्याच्या बाबतीत घडतात त्याला त्या जास्त बोचतात. वर्ष संपताना मंडळानं ठराव केला, की मुख्याध्यापिका ट्रेनिंग झालेलीच हवी. बाईंचं ट्रेनिंग झालेलं नव्हतं. इतकी वर्षं ते कुणाला आठवलं नव्हतं. ग्वाल्हेरकडून नव्या बाई आल्या आणि आमच्या बाईंना सांगण्यात आलं, की हवं तर चौथीचा वर्ग घ्या. सगळ्यांची खात्री होती की त्या राजीनामा देतील. शाळा उघडली त्या दिवशी त्या आपली छत्री घेऊन मुख्याध्यापिकेच्या खोलीवरून पुढं गेल्या आणि चौथीच्या वर्गात जाऊन खडू मागितला.

मी संतापले होते. घरी म्हटलं, "मीच राजीनामा देते. त्यांना कळू तरी दे."

"तू नको," बाई शेंगा सोलत म्हणाल्या. "आठवीला भूमिती कोण शिकवणार? त्या नव्या बाईंचं भूमितीचं काही खरं नाही. मी विचारून बघितलं."

चौथीच्या मुली भाग्यवान ठरल्या. पुढच्या वर्षी त्या पाचवीत माझ्याकडं आल्या तेव्हा त्यांच्यातली एकही 'ठीक आहे' म्हणत नव्हती.

बाई चौथीवर गेल्या त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीतली एक सकाळ होती. मी दारात रांगोळी काढत होते. गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली. साहेबांची. आधीची विकून त्यांनी दुसरी घेतली होती. ड्रायव्हर आत आला आणि बाईंना नमस्कार करून म्हणाला, "बाईजी, महेश्वर जा रहे हैं. बहूजी और मुन्नी को लाना है. साहब ने कहा है, ज़रा आप पाँव लगाकर देख लो."

मला वाटलं, आता तरी बाई काहीतरी ऐकवतील. मी असते तर ऐकवलं असतं. त्यांनी कापडी बूट चढवले, पदर खोचला आणि निघाल्या. मी रांगोळी तशीच टाकून त्यांच्या मागं गेले.

साहेब मोटारीतून उतरून रस्त्याच्या कडेला उभे होते. बाई आत बसल्या, दार लावलं. साहेब तसेच उभे राहिले. अंगावर ऊन आलं तरी सावलीत सरकले नाहीत, ओळखीची माणसं जाता-येता बघत होती तरी हलले नाहीत. बाईंनी सगळं नीट, सावकाश बघितलं. खाली उतरून चारी चाकांच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, बोटं पदराला पुसली. मग साहेबांसमोर येऊन म्हणाल्या, "पेडल धरून राहतंय. चाकं कोरडी आहेत. तेल पुरेसं आहे. जाऊन या."

साहेबांनी हात जोडले. मग मोटारीत बसले. मोटार गेली.

परत येताना मला राहवलं नाही. "बाई, त्यांनी तुमची खुर्ची काढून घेतली," मी म्हटलं. "तुम्हाला राग येत नाही?"

"येतो की," बाई म्हणाल्या. "फार येतो. चौथीच्या वर्गात खिडकीसुद्धा नाही." दोन पावलं चालल्यावर त्या पुढं म्हणाल्या, "पण परत येताना मोटारीत ती पोर आणि तिचं लेकरू असणार ना ग."